पाकिटावर न बसलेली ओळ

ता. ६ जानेवारी

चि. टिंबूस,

अ. उ. आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण ते खोटं होईल. भिंगरीला बरं नाही.

गेले तीन आठवडे तिच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठताहेत. आधी मानेवर उठल्या, मग पोटावर, आणि आता ओठही सुजतात. खोकला लागला की थांबायचं नाव घेत नाही. नऊ वर्षांची पोर घरात एका जागी बसली असती तर आपण तिला भिंगरी म्हटलंच नसतं. ती आता शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून भिंतीला टेकून बसते. मला ते बघवत नाही रे.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, हे खाण्यातून होतंय. अक्रोडाचा कण पोटात गेला तरी तिचा घसा आवळतो हे ती दोन वर्षांची असल्यापासून आपल्याला ठाऊक आहे. दूधही तिला सोसत नाही. पण अक्रोड माझ्या उंबऱ्याच्या आत येत नाही आणि दुधाचा थेंब तिच्या ताटात पडत नाही. मग हे तिसरं कोण उपटलं?

मी एक वही घातली आहे. जे जे विकत आणते त्याच्या पाकिटावरचा मजकूर कात्रीने कापून वहीत चिकटवायचा आणि शेजारी लिहायचं, किती वाजता खाल्लं, किती वाजता गांधी आल्या. गणवेशाच्या कारखान्यात दिवसभर काजं करायची आणि घरी येऊन कात्रणं चिकटवायची. तुझे भावोजी मालगाडीचे गार्ड, चार दिवस घरी आणि चार दिवस रुळांवर. ते म्हणतात, तुझा भाऊ छापखान्यात बसून आयुष्यभर पाकिटंच वाचतोय, त्याला विचार. म्हणून विचारते. तुझ्या लग्नाचा विषय या पत्रापुरता माफ केला आहे.

माया आहे तशीच ठेव, पण उत्तर लवकर धाड.

तुझी,
ताई

ता. ११ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझ्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या. दुरुस्त करून परत पाठवत नाही, एवढे उपकार मान. लहानपणी पाटीवरची राहिलेली टिंबं दाखवायचो म्हणून तूच नाव टिंबू ठेवलंस, आता भोग.

भिंगरीचं वाचून जीव टांगणीला लागला. तू ती यादी मला नक्कल करून पाठव. बाजारातल्या निम्म्याअधिक खाण्याच्या पाकिटांची प्रूफं माझ्या टेबलावरून जातात. चोर सापडलाच पाहिजे.

इकडची एक बातमी. या महिन्यापासून मी मुख्य प्रूफरीडर झालो. त्याचं असं झालं. दोन-तीन महिन्यांपूर्वी एका कंपनीचं नवं छोटं पाकीट आलं, तळहातापेक्षाही लहान. अन्न खात्याच्या नियमाप्रमाणे त्यावर एक ओळ छापणं भाग होतं आणि तिचं अक्षर ठरलेल्या उंचीखाली जाता कामा नये. ओळ काही केल्या बसेना. कंपनीची माणसं रोज येऊन डोक्यावर बसायची आणि आमचे साहेब घामाघूम. मी नियमांचं पुस्तक उघडलं आणि त्यातल्याच एका पोटकलमातून वाट काढून दिली. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. माझ्यासारख्या घुम्याला हे म्हणजे डोक्यावरून पाणी.

भिंगरी विचारत होती ना, मामा दिवसभर काय वाचतो? तिला सांग, मामा सगळं उलटं वाचतो. शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे, भिंग लावून, एकेक अक्षर. मजकुराच्या अर्थात मन गुंतलं की चूक निसटते, म्हणून आमच्यात अर्थ वाचायचाच नसतो. त्यामुळे काल काय वाचलं हे मला सांगता येणार नाही, पण चूक नव्हती हे छातीठोक सांगेन. आणि मागे आलो तेव्हा तिला पाकिटाच्या घडीत प्रूफ वाचणाऱ्याची खूण म्हणून छापतात तो माझा १७ आकडा दाखवला होता, तो शोधायला सांग. मामाचा आकडा दिसला की डोळे झाकून खायचं.

भावोजींना नमस्कार, भिंगरीला पापा. रागावणं-लोभावणं जे करशील ते पत्रातून कर.

तुझा,
टिंबू

ता. १७ जानेवारी

चि. टिंबूस,

अ. उ. आ. मुख्य झालास हे वाचून तुझ्या भावोजींनी शेजारच्या चार घरांत सांगितलं. मीही कारखान्यात सांगितलं, बाराही मशिनी क्षणभर थांबल्या. आज आपले बाबा असते तर त्यांनी हे पत्र सदऱ्याच्या खिशात ठेवून गावभर मिरवलं असतं.

यादी सोबत आहे. एकतीस जिन्नस आहेत, एकही सोडलेला नाही. बिस्किटं, पाव, पीठ, मीठ, सगळं. दात घासायची पेस्टसुद्धा लिहिली आहे. डॉक्टरीणबाईंनी यादीवरून एकेक वस्तू बंद करून पाहिली. आता ती फक्त भात, उकडलेला बटाटा आणि सफरचंद एवढ्यावर आहे. तरीही परवा वर्गात धाप लागली. बाई तिला कडेवर घेऊन घरी आल्या. नऊ वर्षांची मुलगी कडेवर घेता येते, यावरून समज.

वजन तीन किलोंनी उतरलंय. मी तिला गणवेशाची बाही आत घेऊन दिली, तर म्हणाली, आई, पुढच्या महिन्यात मी परत जाडी झाले तर उसवावी लागेल, तू शिवण सैल घाल. मी मोरीत जाऊन रडले.

टिंबू, मला भीती वाटते. पहिल्यांदाच लिहिते आहे हे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदा घसा पुरता आवळला तर दवाखान्यात पोचेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. तू ती यादी तुझ्या पद्धतीनं उलटी वाच, सुलटी वाच, भिंग लाव, पण काहीतरी शोध.

मायेत उणं करू नकोस आणि उत्तरात उशीर करू नकोस.

तुझी,
ताई

ता. २१ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. यादी तीनदा वाचली. एकतीसपैकी बावीस पाकिटांचा मंजूर मजकूर आमच्या कपाटात सापडला. एकातही अक्रोड नाही, दूध नाही. उरलेल्या नऊंसाठी दुसऱ्या छापखान्यातल्या मित्राला गाठलं. तिथेही काही नाही. मी हात टेकले म्हणणार होतो, पण एक गोष्ट खटकली.

यादीत दुधाच्या जागी काहीच नाही. भिंगरी दूध पीत नाही हे ठाऊक आहे, पण सकाळी शाळेत जाताना ती पेलाभर काहीतरी पांढरं प्यायची हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते काय आणि कुठलं? पाकीट असेल तर नाव कळव. बहुधा त्यात काही नसेल, पण आमच्या धंद्यात राहिलेली जागाच आधी बघतात.

तिला म्हणावं, मामा नवीन भिंग आणतोय, त्यातून मुंगीच्या मिशा दिसतात. तू जेवत जा. तुझं अक्षर गेल्या पत्रापेक्षा बारीक झालंय.

लोभ तर तुझाच आहे, मी त्यावरच वाढलो.

तुझा,
टिंबू

ता. २४ जानेवारी

चि. टिंबूस,

आशीर्वाद. हे मी इस्पितळातल्या बाकावर बसून लिहिते आहे, वहीच्या मागच्या पानावर.

गुरुवारी ती शाळेच्या जिन्यात कोसळली. ओठ निळे पडले होते. शाळेच्या शिपायानं रिक्षा थांबवली म्हणून ती आज आहे. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावलाय. त्याच्यावरून ती माझ्याकडे बघते आणि मी हसून दाखवते. मला इतकं खोटं हसता येतं हे ठाऊक नव्हतं.

तू दुधाच्या जागेचं विचारलंस. अरे, ती सोयाबीनची पूड. पाण्यात कालवून देते. ती यादीत कशाला घालू, ते तुझंच पाकीट आहे. नवीन छोटं निघालंय ना, त्याच्या घडीत १७ आकडा आहे. भिंगरीनंच दुकानात शोधून काढलं, म्हणाली, हे मामानं वाचलंय, हेच घ्यायचं. मी मजकूरही वाचला, त्यावर नुसतं सोयाबीन आणि मीठ. ज्यावर संशय घ्यायचा त्यांची ती यादी होती. घरच्या माणसावर कोण संशय घेतं? डॉक्टरीणबाईंनाही मी त्याचं काही बोलले नाही.

आता तर तेवढंच तिच्या पोटात टिकतं. इथलं दूध चालत नाही म्हणून मी घरून पूड आणते आणि दिवसातून तीनदा चमच्यानं पाजते.

आमच्या शेजारच्या खाटेवर दोन वर्षांची मुलगी आहे, तिलाही असंच झालंय. तिची आई इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुते. मधल्या सुट्टीत ओल्या हातांनी धावत येते आणि लेकीच्या तळव्यांना हात लावून जाते. आम्ही दोघी एकमेकींची पोरं सांभाळतो. ती बाई भली आहे.

मामा कधी येणार, असं भिंगरी बोटांनी विचारते. माया असेल तर ये.

तुझी,
ताई

ता. २९ जानेवारी

टिंबूस आशीर्वाद.

मंगळवारी तुझा फोन आला. तू म्हणालास, पूड बंद कर, आत्ताच्या आत्ता, आणि ठेवून दिलास. मी उलट फोन केला तर उचलला नाहीस. त्यानंतर अकरा वेळा केला. म्हणून हे पत्र. फोन तू टाळशील, पण छापील असो की लिहिलेला, कागद समोर आला की तुला वाचल्याशिवाय राहवत नाही, हा तुझा रोग मला ठाऊक आहे.

पूड बंद केली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, का? मी म्हटलं, भाऊ सांगतो. त्या म्हणाल्या, भाऊ कोण, त्याला काय माहीत आहे? मी पुडीचं रिकामं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कंपनीला विचारलं. कंपनीचं उत्तर एका ओळीचं आलं, कायद्याप्रमाणे आवश्यक तो सर्व मजकूर छापलेला आहे.

बुधवारी सकाळी भिंगरीला उतार पडला. तिनं मुखवटा बाजूला करून मला हाक मारली. मग तिला ताकद यावी म्हणून नाकातून नळी घालून पातळ खाणं सुरू केलं. दुधाचं चालत नाही म्हणून डब्यातलं सोयाबीनचं, वेगळ्याच कंपनीचं. संध्याकाळपर्यंत सगळं अंग पुन्हा लाल. आज तिच्या घशात श्वासाची नळी घातली आहे. धोबीखान्यातल्या बाईच्या मुलीलाही तेच खाणं आणि तेच सगळं. डॉक्टरीणबाई खुर्चीत बसून म्हणाल्या, मला कळत नाहीये. डॉक्टरच्या तोंडून हे ऐकल्यावर आईनं कुठे जायचं?

तुला काहीतरी माहीत आहे. तुझा आवाज मी तू बोलायला शिकलास तेव्हापासून ओळखते. जे असेल ते लिही. मी तुला मारणार नाही, तोडणार नाही, पण तू गप्प राहिलास आणि माझी पोर गेली तर मी काय करेन हे मलाच माहीत नाही.

ताई

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,

आधी हे डॉक्टरीणबाईंना सांग, बाकीचं मागून वाच. सोयाबीनच बंद करायला सांग. पूड, नळीतलं खाणं, ज्यात ज्यात सोयाबीन आहे ते सगळं. ते जनुक बदललेलं बियाणं आहे. पीक पौष्टिक व्हावं म्हणून त्यात अक्रोडातलं जनुक घातलंय आणि अक्रोडातलं प्रथिन त्या दाण्यात उतरतं. पीठ एकाच गिरणीतून सगळ्या कंपन्यांना जातं. सोबतच्या प्रूफावर ते छापलेलं आहे. तो कागद त्यांच्या हातात दे.

त्या प्रूफात तांबड्या शाईनं खोडलेली ओळ दिसेल. 'जनुकबदल केलेल्या सोयाबीनपासून. अक्रोडातील प्रथिन आहे.' खोडणारा हात माझा आहे. पाकिटावर न बसणारी ती हीच ओळ. नियमात लिहिलंय, तळहातापेक्षा लहान पाकिटावर ही ओळ नसली तरी चालेल, मात्र ती बाहेरच्या मोठ्या खोक्यावर हवी. ते पोटकलम कुणाच्या लक्षात नव्हतं, मी शोधलं. खोकं दुकानदार फाडतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात सुटं पाकीट जातं, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. तेवढ्याच लहान डब्यांनाही तीच सवलत मिळाली. तुमच्या इस्पितळाच्या कोठारात डब्यांची खोकी असतील, त्यांवर ओळ सापडेल. बघायला सांग.

तू म्हणशील, अक्रोड शब्द वाचून तुला भिंगरी आठवली नाही? ताई, मी तो शब्द वाचलाच नाही. मी ड वाचला, मग क्रो वाचला, मग अ. तिन्ही अक्षरं बरोबर होती. ओळ खोडली आणि पुढच्या प्रूफाला हात घातला. तुझं चोवीस तारखेचं पत्र आल्यावर मी तो कागद काढून पहिल्यांदाच सरळ वाचला, आणि फोन केला.

तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मला वाटलं, पूड बंद झाली म्हणजे पोर बरी होईल आणि कुणाला काही कळायचं कारण नाही. छापखान्यातला कागद बाहेर नेणं गुन्हा आहे, आम्ही सगळ्यांनी तसं लिहून दिलंय. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. मुख्य होऊन महिना झाला नव्हता, याचाही विचार मी केला. हे लिहिलं नाही तर पुन्हा काहीतरी लपवल्यासारखं होईल.

तुझं एकोणतीस तारखेचं पत्र मला शनिवारीच मिळालं होतं, आणि नळीतून काय जातंय हे मला तेव्हाच कळलं, तरी दोन दिवस मी टेबलाचा खण उघडत होतो आणि बंद करत होतो.

हे पाकीट यार्डात जाऊन भावोजींच्या हातात देतो आहे. त्यांची गाडी सकाळी पोचेल. त्यांनी विचारलं, काय आहे? मी म्हटलं, ताईला द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टोपीत ठेवलं.

लोभ मागायची माझी लायकी नाही. पोर तेवढी वाचव.

टिंबू

ता. ६ फेब्रुवारी

टिंबू,

आशीर्वाद लिहायला गेले आणि हात थांबला, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

मंगळवारी सकाळी तुझे भावोजी गणवेश न उतरवता थेट इस्पितळात आले. मी पहिली चार वाक्यं वाचली आणि पळत सुटले. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, कोठाराकडे माणूस धाडला आणि तो यायची वाट न बघता स्वतःच्या हातानं नाकातली खाण्याची नळी काढली. मग माणूस खोकं घेऊन आला. ओळ होती. जिन्याखालच्या कोठारात, वॉर्डापासून वीस पावलांवर. आम्ही सगळे त्या जिन्यावरून रोज जात-येत होतो.

भिंगरी वाचली. काल घशातली नळी काढली. आवाज बसलाय, पण डोळे जागेवर आले आहेत. तिला अजून काही सांगितलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझं भांडण त्या बियाण्याशी नाही, चांगल्या हेतूनंही कुणी ते केलं असेल. पण काय आहे ते माझ्या हातातल्या डब्यावर लिहायला नको? त्यांनी खात्याला लिहिलंय. कागद कुणी दिला असं खात्याच्या माणसानं विचारलं, मी तुझं नाव सांगितलं. ते सोमवारी छापखान्यात येतील. मी तुला वाचवायचा प्रयत्न केला नाही, हे तुला माझ्याकडूनच कळावं.

मला तुझा राग येतो. एवढा येतो की तुला लहानपणी भरवलेले घास आठवले तरी येतो. आणि तू जेवला असशील का, हेही डोक्यातून जात नाही. हे दोन्ही घेऊन मी कसं जगायचं ते तूच सांग.

धोबीखान्यातल्या बाईची मुलगी सोमवारी सकाळी गेली. तुझा कागद मंगळवारी आला.

बुधवारी ती खाटेखालची पिशवी न्यायला आली. मुलीची दोन झबली आणि एक वाटी होती त्यात. मला म्हणाली, तुमच्या भावानं पाठवलेल्या कागदात काय होतं, सगळे बोलताहेत, मला वाचता येत नाही, तुम्ही वाचून दाखवा. मी टाळू शकले असते. पण दहा दिवस तिनं माझ्या लेकीच्या तळव्यांनाही हात लावला होता. मी तिला बाकावर बसवलं आणि तुझं पत्र पहिल्यापासून वाचलं. ओळ खोडल्याचं, पोटकलमाचं, मुख्य झाल्याचं, सगळं वाचलं, आणि ती मान हलवत ऐकत होती. मग ते शनिवारचं वाक्य आलं. ते माझ्या तोंडातून निघेना. ते मी गाळलं आणि पुढचं वाचलं.

तिला वाटतंय की नळीचं तुला कळलं त्याच क्षणी तू कागद पाठवलास. माझे हात धरून म्हणाली, त्याच्यामुळे निदान बाकीची लेकरं वाचली, देव तुमच्या भावाचं भलं करो. आणि पिशवी घेऊन कामावर गेली.

तो आशीर्वाद मी दोन दिवस उराशी घेऊन बसले आहे. मला तो पेलवत नाही. पत्र मिळताच पहिल्या गाडीनं ये. आधी वॉर्डात येऊ नकोस, भिंगरीला नंतर भेट. मागच्या फाटकानं आत शिर, डाव्या हाताला धोबीखाना आहे, ती दुसऱ्या टाकीपाशी असते. मी गाळलेलं वाक्य तिला तुझ्या तोंडानं सांग.

लोभाचं मग बघू.

ताई